नदीकाठच्या बागेचं आरक्षण उठवायला निघाले, तर हरकत कशी घ्यावी

मानवी साखळी, मेणबत्त्या, ऑनलाइन सह्या हे सगळं हौसेनं करा. पण बागेची जागा जाते ती फाइलमधून, आणि अडवावी लागते तीही फाइलमध्येच. खाली लिहिलंय ते महाराष्ट्रापुरतं.

कागद आधी गोळा करा: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, विकास आराखड्याचा (शहरातली कोणती जागा कशासाठी राखीव, ते ठरवणारा) भाग नकाशा, आरक्षण क्रमांक आणि जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा.

मग जागा कोणत्या वाटेनं चालली आहे ते ओळखा. जागा अजून खासगी मालकीची असेल आणि अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षं उलटली असतील, तर मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा घ्या, नाहीतर सोडा’ अशी नोटीस, पालिकेला देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण आपोआप गळतं. इथे हरकत घेऊन काही होत नाही, पालिकेला संपादनाला लावावं लागतं. नुसता ठराव आणि पत्रव्यवहार म्हणजे ‘पावलं’ नव्हेत. दुसरी वाट त्याच अधिनियमाच्या कलम ३७ ची, म्हणजे आराखड्यात ‘किरकोळ फेरबदल’. तिथे मात्र हरकतीवर बरंच ठरतं.

नेमके बहुतेक लोक इथेच फसतात. फेरबदलाची सूचना राजपत्रात येते, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापतात, आणि हरकतीला मिळतो जेमतेम एक महिना. तो मोजायचा सूचनेच्या तारखेपासून, तुमच्या वाचनात आली त्या दिवसापासून नाही. माहिती अधिकाराच्या उत्तराची मुदतही ३० दिवसांचीच, म्हणजे सूचना पाहून अर्ज टाकलात तर उत्तर येईपर्यंत खिडकी बंद. विषय पालिकेच्या सभेच्या कार्यपत्रिकेवर दिसला की त्याच दिवशी अर्ज टाका. त्यात ‘सर्व माहिती मिळावी’ असं मोघम लिहू नका. आरक्षण क्रमांक घालून टिपणीसह (अधिकाऱ्यांनी फाइलवर लिहिलेल्या शेऱ्यांसह) फाइलची तपासणी मागा. उशीर झालाच असेल तर नगररचना कार्यालयात जाऊन फेरबदलाचा नकाशा डोळ्यांनी पाहा, आणि ‘कागद मिळाल्यावर पुरवणी म्हणणे देऊ’ ही ओळ हरकतीत घाला.

एकाच मजकुराच्या ५०० छापील हरकती गोळा करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. वाया जाणारी मेहनत आहे ती. अहवालात त्या ‘एकसारख्या आशयाच्या’ म्हणून एका ओळीत गुंडाळल्या जातात. वेगवेगळ्या मुद्द्यांच्या दहा हरकती दिल्यात तर दहा उत्तरं मागता येतात.

हरकतीची सुरुवात सूचनेचा क्रमांक, तारीख, सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांकानं करा. लगेच मागणी लिहा: ‘फेरबदल नामंजूर करून उद्यानाचे आरक्षण कायम ठेवावे.’ ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे शब्द चुकूनही वापरू नका. कार्यालयाला जे योग्य वाटतं तेच मग होतं, आणि तुम्हीच ते मागितलेलं असतं.

मुद्दे मोजता येण्याजोगे हवेत. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे, दोहोंच्या मध्ये अटी आहेत. भूखंडाचा किती भाग कोणत्या रेषेत येतो ते चौरस मीटरमध्ये मांडा. फाइलमधल्या पूररेषेच्या नकाशावर जलसंपदा विभागाची सही-तारीख आहे, की तो खासगी सल्लागारानं काढून नुसता जोडलाय, हेही तपासा. बदली बाग दाखवली असेल तर ती किती दूर आहे आणि पालिकेच्या ताब्यात आहे का, ते विचारा. कलम ३७ मधला बदल आराखड्याचं स्वरूप बदलणारा नसावा लागतो, त्यामुळे त्या प्रभागातली एकमेव बाग जात असेल तर तो मुद्दा ठळक मांडा. बिल्डर-नगरसेवकांच्या साटंलोट्यावर पानं भरू नका. पुरावा नसला तर बाकीची हरकतही हलकी होते.

दोन निकाल जोडा. उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा बेंगळुरूमधला निर्णय सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये रद्द ठरवला. बियास नदीकाठची जमीन हॉटेलला दिल्याच्या प्रकरणात, १९९६ मध्ये, नदीसारख्या संपत्तीचं सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे, असं म्हटलं. पक्षकारांची नावं आणि तारीख लिहा, संबंधित परिच्छेद अधोरेखित करा.

शेवटी ‘प्रत्यक्ष सुनावणी द्यावी’ असं लिहून सही करा. पोच घेताना शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख, तिन्ही हवीत.

सुनावणीत पाचेक मिनिटं मिळाली तर भाषण करू नका. लेखी म्हणणं द्या, उपस्थितीची सही करा, इतिवृत्ताची प्रत मागा. अंतिम मंजुरी राज्य सरकारची असते, म्हणून एक प्रत नगरविकास विभागाला पाठवा. तिथेही हरलात तर उच्च न्यायालय.

दरम्यान रात्रीतून पात्रात राडारोडा पडू लागला तर तो वेगळा विषय. तारीख आणि ठिकाण दिसेल असे फोटो काढून तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे लवादाच्या कायद्यातल्या कलम १४ खाली जायला सहा महिने असतात, आणि ते कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून मोजतात. त्यामुळे पहिल्या डंपरचा फोटो डिलीट होऊ देऊ नका.