आमदाराच्या आश्वासनांची वही कशी ठेवावी

गोव्यात आमदाराविषयीची निराशा तोंडावर बोलून दाखवणे कठीण असते, कारण तो परका माणूस नसतो. २०२२ च्या निवडणुकीत साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते आणि विधानसभेचे मतदारसंघ ४०, म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला सरासरी तीस हजारही मतदार येत नाहीत. त्यामुळे तो चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला येतो, लग्नात अक्षता टाकतो, बाराव्याला ओसरीवर बसून जातो. आणि ज्याने आपल्या वडिलांच्या तिरडीला खांदा दिला, त्याला ‘तुम्ही बदल घडवणार होता, त्याचे काय झाले’ असे विचारायला जीभ रेटत नाही. तेव्हा मनातल्या मनात पाच वर्षे चरफडण्यापेक्षा, किंवा ‘सगळे सारखेच’ म्हणून हात झटकण्यापेक्षा, हिशेब लिहून ठेवावा. आमच्या वाड्यावर आम्ही चौघेजण एका शंभर पानी वहीत तो ठेवतो, त्याची रीत येथे सांगतो.

वहीत पहिल्यांदा आश्वासन लिहावे, आणि ते ज्या शब्दांत दिले गेले त्याच शब्दांत लिहावे. छापील जाहीरनामा जपून ठेवावा, कारण निवडणूक आटोपल्यावर तो शोधूनही सापडत नाही. कोपरा सभेतले बोलणे असेल तर दिवस, जागा आणि ऐकणाऱ्या दोघांची नावे टिपावीत. ‘जातलें’ (होईल) आणि ‘पळोवया’ (पाहू या) हे दोन कोकणी शब्द मात्र वहीत घेऊ नयेत. त्यांत काय होणार तेही नसते आणि कधी होणार तेही नसते, म्हणून ते ऐकून घरी परतलेला माणूस आपल्याला वचन मिळाले असे समजत राहतो.

त्यानंतर प्रत्येक आश्वासनासमोर ते पुरे करणे कोणाच्या हातात आहे, हे लिहावे. येथे घाई करू नये, कारण आपला निम्मा राग चुकीच्या दारात जाऊन पडतो. म्हादई नदीच्या पाण्याचा वाद आंतरराज्य लवादापुढे चालला, त्याचा निवाडा २०१८ साली आला आणि पुढची लढाई न्यायालयात व केंद्र सरकारपुढे आहे. एकटा आमदार तेथे आवाज उठवू शकतो, निकाल देऊ शकत नाही. खाणींचेही तसेच: सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा ‘महिन्याभरात खाणी सुरू करतो’ म्हणणाऱ्याने अधिकार नसताना शब्द दिला होता, आणि तो खरा मानणाऱ्यांत आम्हीही होतो. मुंडकारांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा १९७५ चा आहे, तो राज्याचा आहे, दावे मामलेदारापुढे चालतात आणि मामलेदार नेमणे, त्याला माणसे देणे हेही राज्य सरकारच्याच हातात आहे. येथे दिल्लीकडे बोट दाखवण्याची सोय कोणालाही नाही, म्हणून आमच्या वहीत सर्वांत जास्त पाने याच विषयाला गेली आहेत.

आमदाराने त्या विषयावर विधानसभेत काही विचारले का, हे पाहणे सोपे आहे. प्रश्नोत्तरे विधानसभेच्या संकेतस्थळावर मिळतात. विरोधी बाकांवर बसणाऱ्याच्या हाती सरकार नसते, परंतु प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यालाही असतो.

माहिती हक्काचा अर्ज करताना बहुतेकांची एक चूक होते, आमचीही झाली. ‘मुंडकारांचे दावे का रखडले?’ असा प्रश्न आम्ही पहिल्या अर्जात विचारला आणि कार्यालयाने त्याला रीतसर वाटाण्याच्या अक्षता लावल्या, कारण कायद्याने आपल्याला दप्तरी असलेला कागद मागता येतो, अधिकाऱ्याचे मत नव्हे. दुसऱ्या खेपेला अमुक तारखेपासून दाखल झालेल्या आणि निकाली निघालेल्या दाव्यांच्या नोंदवहीच्या प्रती आणि मंजूर व रिकाम्या पदांचा तक्ता मागितला. शुल्क १० रुपये असते आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. (केंद्राचा कायदा २००५ साली आला, पण गोव्याने स्वतःचा माहिती हक्क कायदा १९९७ सालीच केला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.)

आता सर्वांत अवघड भाग, प्रत्यक्ष भेटीचा. लग्नमंडपात किंवा जत्रेत विषय काढू नये. निवेदन लेखी द्यावे, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि तिघांनी मिळून जावे. त्या दिवशी कोणीही स्वतःचे काम पुढे करायचे नाही, हा नियम आधीच ठरवावा. आमच्या पहिल्या भेटीत एकाने मध्येच मुलाच्या सरकारी नोकरीचा विषय काढला. आमदार मोठ्या प्रेमाने त्याच्याकडे वळले, कागद मागवून नाव लिहून घेतले, आणि मुंडकारांचे निवेदन चहाच्या कपाखाली राहिले. माझ्या मते मोठा बदल न देता निभावून नेण्याचा हाच मार्ग असतो: एकाला नोकरीची आशा, दुसऱ्याला दारापर्यंत डांबर, आणि घेणारा मिंधा झाल्यामुळे पुढे तो काही विचारत नाही.

आमदाराने पक्षच बदलला तर वही बंद करू नये. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. त्या वर्षीच्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, चर्च आणि दर्ग्यात निष्ठेच्या शपथाही घेतल्या होत्या. दोनतृतीयांश आमदार एकत्र गेले की राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातील, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातील, विलीनीकरणाची तरतूद पुढे करता येते, आणि मतदाराला आमदार परत बोलावण्याचा अधिकार आपल्या कायद्यात नाही. अशा वेळी जुन्या आश्वासनांसमोर पक्षाचे नाव खोडून माणसाचे नाव तेवढे ठेवावे. २०२२ मध्ये फोंड्याचा निकाल ७७ आणि सांत आंद्रेचा ७६ मतांनी लागला होता, हे आकडेही वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवण्यासारखे आहेत.

आमच्या माहिती अर्जाचे उत्तर सत्ताविसाव्या दिवशी आले. ते घेऊन आम्ही पुन्हा गेलो, या वेळी शेजारच्या काकींनाही बरोबर घेतले. त्यांच्या दाव्याच्या तारखांच्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत आहेत आणि पावसाळ्यात छपराची कौले बदलायलाही त्यांना भाटकाराच्या तोंडाकडे पाहावे लागते. आमदारांनी तक्ता वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘काकी, जातलें.’’ काकींनी निवेदनाची प्रत आणि पेन त्यांच्यापुढे सरकवले. थोडा वेळ थांबून आमदारांनी त्यावर ‘चतुर्थीपूर्वी रिकामी पदे भरण्याविषयी महसूलमंत्र्यांशी बैठक’ असे लिहून सही केली. त्या प्रतीची नोंद वहीच्या अठराव्या पानावर आहे, आणि चतुर्थीला अजून दीड महिना आहे.