हर्पिस निघालाय? आधी स्वतःला सांभाळा, मग पुढच्या माणसाला कसं सांगायचं ते बघू

जननेंद्रियांच्या हर्पिसचा रिपोर्ट हातात आल्यावरची पहिली रात्र कशी जाते ते मला माहितीये, झोप लागत नाही, मोबाईलवर नको नको ते फोटो बघितले जातात आणि डोक्यात एकच चक्र, कुणी दिला, कधी दिला. ते चक्र आधी थांबवा, कारण त्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळतच नाही. लागण झाल्यावर साधारण 2 ते 12 दिवसांत फोड येऊ शकतात हे खरंय, पण कित्येकांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि पहिला फोड काही वर्षांनी उठतो, त्यामुळे आज फोड आला म्हणजे आत्ताच्या जोडीदाराने फसवलं असा अर्थ होत नाही. मी हा आरोप एकदा करून बसलेय, आणि नंतर सॉरी म्हणून तो पुसला जात नाही, म्हणून सांगतेय.

मराठीत अजून एक गोंधळ होतो, हर्पिस म्हटलं की लोकांना नागीण वाटते. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर, तो कांजिण्यांचाच व्हायरस, अंगात दडून राहतो आणि पुढे कधीतरी उठतो. आपण बोलतोय ते हर्पिस सिम्प्लेक्सबद्दल, घराणं एकच पण व्हायरस वेगळा. त्यातही दोन प्रकार, टाईप 1 म्हणजे बहुतेकांच्या ओठावर फोड आणणारा, तो ओरल सेक्समधून खाली येऊ शकतो, आणि टाईप 2 जो मुख्यतः खालीच राहतो. आपला कुठला ते नक्की विचारून घ्या, कारण टाईप 1 खाली झाला असेल तर तो परत परत फार उठत नाही, टाईप 2 पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच वेळा उठतो आणि मग हळूहळू कमी होत जातो. ताजा फोड असताना त्याचा स्वॅब घेऊन केलेली पीसीआर टेस्ट, म्हणजे थेट व्हायरसचा जनुकीय अंश शोधणारी, सगळ्यात भरवशाची. नुसत्या रक्ताच्या टेस्टवर, त्यातही आयजीएम या अँटीबॉडीच्या टेस्टवर, कुणी निदान केलं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, आणि आयजीजी या दुसऱ्या अँटीबॉडीचा आकडा जेमतेम पॉझिटिव्ह असेल तरी दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्या, तसे रिपोर्ट चुकीचे निघू शकतात.

पहिला अटॅक सगळ्यात जास्त त्रास देतो, ताप, जांघेत गाठी, लघवी करताना जीव जातो, दोन ते चार आठवडे जाऊ शकतात. ॲसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर डॉक्टरांकडून लगेच सुरू करून घ्या, साधारण 7 ते 10 दिवस घ्यावी लागते. लघवी करताना वरून कोमट पाणी ओतत राहा, आग खूप कमी होते. सैल सुती कपडे घाला, फोडाला हात लागला तर साबणाने धुवा आणि तोच हात डोळ्याला लावू नका. घरातली कुठलीतरी स्टिरॉईडची ट्यूब स्वतःच्या मनाने चोळू नका. लघवी अडकलीच किंवा डोकं प्रचंड दुखून मान आखडली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

व्हायरस मज्जातंतूंच्या गाठीत जाऊन बसतो, औषधाने तो पूर्ण जात नाही, हे मान्य करायला मला बरेच महिने लागले. पण वारंवार उठत असेल तर रोज एक-दोन गोळ्या चालू ठेवायचा पर्याय असतो, त्याने अटॅक बरेच कमी होतात. उठायच्या आधी मुंग्या, खाज, मांडीत सणक असं काहीतरी जाणवतं, तेव्हापासून कातडी पूर्ण भरून येईपर्यंत सेक्स बंद, कंडोम लावून पण नाही.

आता सांगायचं कसं. पहिल्याच भेटीत सांगायची गरज नाही, पण कपडे उतरायच्या आधी सांगायलाच हवं, कारण फोड नसताना पण व्हायरस कातडीवर येतो आणि लागण होऊ शकते, म्हणजे निर्णय त्या माणसाचा पण आहे. अंथरुणात, दारू प्यायल्यावर किंवा भांडणात सांगू नका. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा रडत सांगितलं, "तुला काहीतरी भयंकर सांगायचंय" अशी सुरुवात, आणि झालं काय तर तो तासभर माझीच समजूत काढत बसला, त्याचे स्वतःचे प्रश्न राहूनच गेले. दुसऱ्या वेळी चालता चालता सांगितलं, शेजारी शेजारी चालताना डोळ्यात बघावं लागत नाही ना, ते बरं पडतं. बोलले ते साधारण असं, "आपलं पुढे जायच्या आधी एक सांगायचंय, मला जननेंद्रियांचा हर्पिस आहे, वर्षातून एखाद वेळा उठतो, मी रोज गोळी घेते, तुला धोका कमी करता येतो पण शून्य करता येत नाही, तू वाच, विचार कर, मला आज उत्तर नकोय." एवढंच. मग गप्प बसायचं, ती शांतता भरून काढायला बडबड करायची नाही.

प्रश्न येतील, त्याची तयारी ठेवा. किती लोकांना असतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 15 ते 49 वयातल्या साधारण 52 कोटी लोकांना टाईप 2 आहे, बहुतेकांना पत्ताच नाही. गोळीने काय होतं? 2004 साली आलेल्या, सुमारे 1500 जोडप्यांवरच्या अभ्यासात टाईप 2 असलेल्या जोडीदाराने रोज 500 मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्यावर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. कंडोमने आणखी कमी होतं, पण तो सगळी कातडी झाकत नाही हे पण सांगा. टॉयलेटच्या सीटवरून वगैरे होत नाही.

कुणी नाही म्हणेल, मलाही म्हटलंय, दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यांना पटवत बसू नका, "सांगितलंस ते बरं केलंस, हे आपल्यातच ठेव" म्हणून विषय संपवा. समोरचा माणूस रागाच्या भरात हात उचलेल किंवा गावभर करेल अशी शंका असेल तर एकट्याने भेटून सांगू नका, मेसेज करा, किंवा ते नातंच पुढे नेऊ नका.

आणि हो म्हणाला की लगेच उड्या मारू नका, आधी विचारा, तू टेस्ट करून घेशील का, कारण त्याला किंवा तिला आधीपासून असू शकतो. मूल हवं असेल तर बाईच्या डॉक्टरांना दोघांपैकी कुणाला हर्पिस आहे ते सुरुवातीलाच सांगा, बाळाला सगळ्यात जास्त धोका असतो तो गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईला नव्याने लागण झाली तर, म्हणून नवऱ्याला असेल आणि बायकोला नसेल तर त्या तीन महिन्यांत सेक्स आणि ओरल दोन्ही टाळायचं, आणि बाईला आधीपासून असेल तर साधारण 36 व्या आठवड्यापासून गोळ्या सुरू करतात, कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन करतात.