परदेशात राहून भारतातल्या घराचा टॅक्स भरताय? मग या चुका टाळा

दरवर्षी एप्रिल-मे आला की मला कुणाचा ना कुणाचा तरी व्हॉट्सअॅप कॉल येतोच. "अगं तुला ते टॅक्सचं सगळं माहितीये ना, जरा बघ ना आमचं काय झालंय." मी सीए नाही, वकील नाही. दुबईत राहते, महाराष्ट्रात आमचे दोन फ्लॅट आणि सासऱ्यांचं गावचं घर आहे, आणि गेल्या चौदा वर्षांत या बाबतीत ज्या चुका करता येतात त्यातल्या बहुतेक मी स्वतः पैसे मोजून केल्यात. तेच तेच दरवर्षी सांगून आता तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाचं लिहून टाकतेय, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवेन.

"बिल आलंच नाही"

ही सगळ्यात लाडकी सबब. बिल येवो न येवो, टॅक्स (मालमत्ता कर) लागलेलाच असतो. दुबईत हाउसिंग फी लाइट-पाण्याच्या बिलातच लागून येते, त्यामुळे आपल्याला सवय होते की कुणीतरी आपल्याकडून वसूल करेलच. महाराष्ट्रात तसं नाही. महापालिकेचं वर्ष एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन सहामाह्यांचं, आणि मुदत गेली की थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड. महिन्याला! म्हणजे वर्षाला २४ टक्के झाले, एवढ्या व्याजाने तुम्ही होम लोन घेतलं असतं का? पण टॅक्स तुंबवताना कुणी हा हिशोब करत नाही, "पुढच्या ट्रिपला बघू" म्हणतात आणि पुढची ट्रिप दोन वर्षांनी होते, तीही लग्नासाठी, त्यात सुट्ट्या, त्यात ऑफिस बंद.

आणि ते "अभय योजना येईल तेव्हा भरू" वाले. शास्ती माफीची योजना येते कधीतरी, खोटं नाही. पण ती कधी येणार आणि तुम्हाला लागू होणार का हे कुणाला माहीत नसतं, आणि तोपर्यंत नोटीस, जप्तीचं वॉरंट हे सगळं सुरूच राहतं. पुण्यात तर थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवून झालाय. तुम्ही टोरांटोत असाल तर तो बँड तुमच्या आईच्या दारात वाजणार, एवढंच लक्षात ठेवा.

टॅक्सला नाव न लावणं (हे नीट वाचा)

लोकांना वाटतं रजिस्ट्रेशन झालं, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) हातात आला, घर आपलं झालं, संपलं. घर तुमचं झालं हो, पण महापालिकेच्या टॅक्सच्या वहीला ते आपोआप कळेलच असं धरून चालू नका. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट वेगळं, महापालिकेची आकारणी वेगळी, महावितरणचं कनेक्शन वेगळं, सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) वेगळी. प्रत्येक ठिकाणी आपलं नाव आपण जाऊन लावायचं असतं. उलट टॅक्स पावतीवर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हेही तितकंच खरं. पण नाव नसलं तर काय होतं ते माझ्याकडून ऐका.

आमचा दुसरा फ्लॅट घेतला तेव्हा अख्ख्या विंगचे टॅक्स बिल्डरच्याच नावावर होते. नाव लावायचा अर्ज द्यायचा होता, तेवढ्यात रजा संपली, आम्ही दुबईला परत आलो. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी सगळ्या फ्लॅटच्या मिळकत क्रमांकांची (पालिकेच्या टॅक्स खात्याच्या नंबरांची) एक्सेल टाकली होती. मी त्यातला आमच्या फ्लॅटसमोरचा नंबर उचलला, पोर्टलवर टाकला, बिल आलं, नाव बिल्डरचं, पत्ता बिल्डिंगचा, रक्कम साधारण अंदाजाएवढी, १८,४०० रुपये. भरून टाकले. स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर. दुसऱ्या वर्षी परत. तिसऱ्या वर्षी तर बिलं सुटल्या दिवशीच भरले आणि वर सगळ्यांना उपदेश केला की बघा कसं वेळेवर करायचं असतं.

चौथ्या वर्षी वॉचमनने फोटो पाठवला. दारावर नोटीस चिकटवलेली. तीन वर्षांची थकबाकी, अधिक शास्ती.

झालं काय होतं, त्या एक्सेलमध्ये एक ओळ वर-खाली सरकली होती. मी तीन वर्षं इमानेइतबारे शेजाऱ्यांचा टॅक्स भरत होते. आणि बिलावर सगळीकडे बिल्डरचंच नाव असल्यामुळे ना मला कळलं ना त्यांना. माझं नाव लावलेलं असतं तर पहिल्याच वर्षी स्क्रीनवर माझं नाव दिसलं नसतं आणि मी थांबले असते. शेजारच्या काकांना विचारलं, "काका, तुमचा टॅक्स भरलेला दिसत होता तर तुम्हाला काही वाटलं नाही?" तर म्हणाले, "मला वाटलं बिल्डरनेच भरला असेल." बिल्डरने! कुठल्या ग्रहावरचा बिल्डर तीन वर्षं आपला टॅक्स भरतो?

चुकीच्या खात्यात गेलेले पैसे फोनवर सांगून इकडचे तिकडे होत नाहीत. अर्ज, पावत्या, दोन्ही मालकांची संमती, आणि माझ्याकडे पावत्यांऐवजी होते स्क्रीनशॉट, तेही जुन्या फोनमध्ये. माझे मामा, वय ७१, पाच खेटे घालून आले. शेवटी त्यांनीच कंटाळून मार्ग काढला. आमच्या खात्यावरची थकबाकी शास्तीसकट मी भरून टाकली, आणि काकांनी त्यांच्या तीन वर्षांच्या टॅक्सचे ५५,२०० माझ्या एनआरओ खात्यात (एनआरआयचं भारतातल्या उत्पन्नाचं खातं) चेकने दिले, दोन हप्त्यांत, कुरकुर करत. शास्तीचे वीस हजारांच्या आसपास गेले ते माझे. त्यातला एक रुपया मागायला तोंड नव्हतं मला, नंबर मीच तपासला नव्हता.

तेव्हापासून माझी सवय अशी: घर घेतलं की परतीचं तिकीट नाव लावायचा अर्ज देऊन त्याचा इनवर्ड नंबर (अर्ज घेतल्याचा नोंद क्रमांक) हातात आल्यावरच काढायचं. दरवर्षी भरण्याआधी मागच्या वर्षीची पावती उघडून नाव, फ्लॅट नंबर, मिळकत क्रमांक बोट ठेवून जुळवायचा. पावती पीडीएफच, आणि ती मेलवर स्वतःलाच पाठवायची. कुणी मला ग्रुपवरची एक्सेल पाठवली की मी न उघडता डिलीट करते, हा माझा हट्ट समजा.

वडिलोपार्जित घर असेल तर आणखी गंमत. ग्रामपंचायतीत घरपट्टी लागते ती नमुना आठच्या उताऱ्याप्रमाणे (ग्रामपंचायतीची घरांची नोंद), आणि त्यावर बहुतेक वेळा आजोबांचंच नाव असतं. सासरे गेल्यावर आमच्याकडे सहा वर्षं कुणी वारसनोंद केली नव्हती कारण प्रत्येक भावाला वाटत होतं दुसऱ्याने केली असेल. घरपट्टी किती होती? महिन्याच्या वायफायपेक्षा कमी. पण नोंद करायला सगळ्यांच्या सह्या लागल्या आणि एक दीर मेलबर्नला, एक नणंद रागावलेली.

मोबाइल नंबर मेला की सगळं मेलं

भारतातलं सिम तीन महिने वापरलं नाही, बॅलन्स नाही, की नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणालातरी मिळतो. मग ओटीपी त्याला, बिलाचे मेसेज त्याला. न्यू जर्सीतल्या एका मैत्रिणीचं हेच झालं. फ्लॅट बंद म्हणजे लाइट बिल शून्य असं तिला वाटत होतं, पण वीज वापरली नाही तरी स्थिर आकार लागतच राहतो. वीज तोडण्याआधी कायद्याने १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते, ती नोटीस तिच्या मेलेल्या नंबरवर गेली असणार. तात्पुरता तोडलेला पुरवठा तसाच सोडला की पुढे कायमचा बंद होतो, आपल्या भाषेत "पीडी" झालं, मग परत नवीन कनेक्शनचा अर्ज आणि नवीन डिपॉझिट. चार-पाचशेच्या बिलांपायी. तिचे पाहुणे सामान घेऊन अंधारात उभे.

सिम चालू ठेवायला वर्षाला दोन-तीन हजार गेले तरी रडू नका. यूएई, अमेरिका, यूके, सिंगापूर अशा काही देशांतल्या नंबरवर एनआरई (परदेशातल्या कमाईचं खातं) किंवा एनआरओ खात्याचं यूपीआय चालतं, तुमच्या बँकेत ते आहे का ते बघा, कारण परदेशी कार्ड पालिकेच्या पोर्टलवर अडकतं तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि सवलतीची शेवटची तारीख असते. महावितरणचा १२ आकडी ग्राहक क्रमांक, मिळकत क्रमांक, गॅसचा नंबर, सोसायटीचं खातं हे सगळं मी एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. अॅप वगैरे काही नाही.

एजंटला पॉवर ऑफ अॅटर्नी

हा दुसरा विषय ज्यावर माझा आवाज चढतो. नुसता टॅक्स भरायला मुखत्यारपत्र (म्हणजेच पॉवर ऑफ अॅटर्नी, पीओए) लागत नाही! मिळकत क्रमांक असेल तर कुणीही भरू शकतं. अर्ज द्यायला, कागद आणायला बऱ्याचदा साधं अधिकारपत्र चालतं. पण घाई असते, खेटे नको असतात, मग कुणीतरी "सर, एक जनरल पीओए देऊन टाका, मी सगळं बघतो" म्हणतो आणि लोक देतात, विकायच्या अधिकारासकट. दोहातल्या ओळखीच्या एकाने दिलं होतं. एजंटने टॅक्स भरला, अगदी वेळेवर भरला, आणि फ्लॅट भाड्याने पण देऊन टाकला, करार नोंदवला नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स (घर भाड्याने देण्याचा करार) नोंदवणं सक्तीचं आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकावर टाकलीये, एजंटवर नाही. त्या दोहावाल्याला कधी कळलं? सोसायटीने भाडेकरू ठेवल्याचा चार्ज बिलात लावला तेव्हा.

द्यायचंच असेल तर कामापुरतं, फ्लॅट नंबर लिहून, मुदत घालून द्या. परदेशात केलेलं असेल तर कॉन्सुलेटमधून साक्षांकित किंवा जिथे चालतं तिथे अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारचा खरेपणाचा शिक्का) करून, आणि भारतात पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. हे शेवटचं बहुतेकांना माहीतच नसतं, कागद मामाच्या कपाटात पडून राहतो. आणि देणारा वारला की मुखत्यारपत्र तिथेच संपतं, वडिलांनी दिलेल्या पीओएवर त्यांच्या पश्चात सह्या करत बसू नका.

बाकीचं पटापट

पुण्यात स्वतःच्या वापराच्या घराला ४० टक्के सवलत आहे, मधे काही वर्षं ती गेली होती, २०२३ मध्ये परत आली. नव्याने आकारणी झालेल्या घरांना ती आपोआप लागत नाही, पीटी-३ फॉर्म भरावा लागतो. घर भाड्याने दिलं असेल तर मागू नका, आणि खोटं लिहून तर अजिबात नको.

लवकर भरल्यावर मिळणारी सूट पुण्यात सर्वसाधारण कराच्या भागावर असते, पूर्ण बिलावर नाही, तेव्हा "कमी सूट दिली" म्हणून भांडायला जाऊ नका.

मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. कार्पेट एरिया बघायचा, ब्रोकरने सांगितलेला नाही. त्याच्या वर घर गेलं की माफी नाही.

सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क: ते घर भाड्याने दिल्यावर लागतं, नुसतं कुलूप आहे म्हणून नाही, आणि आई-वडील राहत असतील तरी नाही. सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. एनआरआय म्हटल्यावर काही कमिट्यांना आपण एटीएम वाटतो, बिलाचे भाग वेगवेगळे करून मागा.

भाडं येत असेल तर ते एनआरओ खात्यात, जुन्या साध्या सेव्हिंग खात्यात नाही. ते खातं तसंच ठेवणं ही वेगळीच चूक. एनआरआय मालकाच्या भाड्यातून भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो, सेस धरून ३१.२ टक्के, भाडं कितीही कमी असलं तरी. भाडेकरूला हे आधीच सांगा, नाहीतर तो घाबरून निघून जातो. आणि "टॅक्स भाडेकरूने भरायचा" असं करारात घालून हुशारी करणाऱ्यांनो, भाड्याच्या उत्पन्नातून पालिकेच्या टॅक्सची वजावट तुम्ही स्वतः, त्याच वर्षी प्रत्यक्ष भरला असेल तरच मिळते. थकवलेल्या टॅक्सची पण मिळत नाही.

शेवटचं म्हणजे पाणी. निघताना मेन व्हॉल्व्ह बंद करा, नुसते नळ नाही. किल्ली एक सोसायटीबाहेरच्या माणसाकडे ठेवा. मामा महिन्यातून एकदा जातात, व्हिडिओ कॉल लावतात, बाथरूमच्या छताकडे कॅमेरा धरतात आणि दरवेळी तेच विचारतात, "दिसतंय का गं ओल?" मागच्या महिन्यात दिसली. वरच्यांची होती.