काउंटर सोडायच्या आधी गोळ्या मोजा, आणि कमी निघाल्याच तर काय करायचं

आईच्या पाठीच्या दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या (ओपिऑइड), काटेकोर हिशोबानं मिळणाऱ्या, त्या आणायचं काम गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. त्यात एकदा असं झालं की ९० गोळ्यांची बाटली आणली, दिवसाला तीन, आणि दोन दिवसांनी सहज मोजल्या तर ८४ उरायला हव्या होत्या तिथे ७८ निघाल्या. फार्मसीत गेलो तर फार्मासिस्टने अगदी शांतपणे विचारलं, आईंनी दोन दिवसांत बारा घेतल्या असतील का? मी तोंड उघडलं आणि गप्प बसलो, कारण मला खरंच माहीत नव्हतं. वही नव्हती, आणल्यावर मोजल्या नव्हत्या, बाटली दोन दिवस ओट्यावर उघडी पडलेली. त्या सहा गोळ्या तिथे कमी भरल्या की घरात गेल्या हे आजही माहीत नाही. त्यानंतर जी तयारी करायला लागलो ती इथे लिहितोय, क्रम थोडा मागेपुढे होईल.

निघायच्या आधी प्रिस्क्रिप्शनचा फोटो काढा आणि हिशोब स्वतः करा, घरी, कागदावर. दर सहा तासांनी एक म्हणजे दिवसाला ४, तीस दिवसांच्या १२०. दर चार तासांनी असेल तर ६, अठ्ठावीस दिवसांच्या १६८. हे सोपं वाटतं पण काउंटरवर मागे रांग असताना डोकं चालत नाही. डॉक्टरने 'गरज लागल्यास' लिहिलं असेल तर दिवसाला जास्तीत जास्त किती ते लिहिलंय का बघा, नसेल तर डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, नाहीतर फार्मासिस्ट एक धरतो, तुम्ही दुसरं धरता आणि मग कमी दिल्या कमी दिल्या म्हणून भांडण. जाण्याआधी फोन करून माल आहे का विचारा. शेवटची गोळी संपायच्या दिवशी जाऊ नका. या गोळ्या लवकर भरून देत नाहीत हे खरंय, पण जितक्या लवकर देतात त्या पहिल्या दिवशीच जा, म्हणजे घोळ झालाच तर निस्तरायला हातात दोन दिवस तरी राहतात.

आता काउंटर. सगळ्यात महत्त्वाचं इथेच आहे बाकी सगळं नंतरचं. पिशवी घ्यायची, बाजूला व्हायचं, पण दाराबाहेर पडायचं नाही. सरळ म्हणायचं, "इथेच मोजून घेऊ का, या गोळ्या नंतर बदलून मिळत नाहीत ना." कोणी वाईट मानत नाही, उलट बऱ्याच ठिकाणी अशा गोळ्या दोनदा मोजायची पद्धतच असते आणि लेबलवर मोजणाऱ्याची सही किंवा खूण असते. त्यांनाच ट्रेवर मोजून दाखवायला सांगा. पाच-पाचच्या ढिगानं मोजतात ते, बघायला सोपं जातं, आणि तुमचा हात गोळ्यांना लागत नाही हे दोघांसाठी बरं. स्ट्रिप असेल तर स्ट्रिपा मोजून थांबू नका, एका स्ट्रिपमध्ये किती ते बघा. १० ची समजून ७ ची निघते, कधी १४ ची असते, आणि कापलेली अर्धी पट्टी मधे सरकवलेली असते ती तर हमखास नजरेतून सुटते. सीलबंद डबा असेल तर सील तपासा आणि उघडायचाही तिथेच. पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी) असतील तर फेंटानिल या जोरदार वेदनाशामकाचा पॅच बहुतेकांना ७२ तासांनी बदलायचा असतो म्हणजे तीस दिवसांना १०, आणि पाचच्या डब्यात येत असेल तर डबे दोन हवेत, एकच हातात पडला तर तिथेच विचारा. पातळ मॉर्फिन असेल तर मिलीलिटर बघा, आणि त्याहून जास्त काळजीनं बघा की एका मिलीलिटरमध्ये किती मिलिग्राम आहे. ५ मिलीत १० मिलिग्राम असलेलंही मिळतं आणि १ मिलीतच २० असलेलंही मिळतं, म्हणजे दहापट फरक, बाटली छोटी दिसली म्हणून औषध कमी दिलं असं समजून चमचे वाढवलेत तर जिवावर बेतेल.

बाटली छोटी किंवा आकडा कमी दिसला म्हणजे दर वेळी गोळ्या कमीच दिल्या असं नसतं, हे मी थोडं उशिरा शिकलो. कधी १० मिलिग्रामच्या दोन गोळ्यांऐवजी २० ची एक देतात, मग संख्या बरोबर अर्धी. कधी कंपनी बदलते, रंग आकार वेगळा येतो (तेव्हा गोळीवरची खूण लेबलशी जुळवून घ्यायची, चुकून दुसरंच औषध पडलेलं तिथेच सापडतं). आणि कधी दुकानात मालच अपुरा असतो म्हणून आज ६० देतात, उरलेल्या ३० नंतर. यात लोक फार फसतात, कारण 'उद्या या' हे तोंडी सांगितलेलं असतं आणि उद्या काउंटरवर वेगळाच माणूस असतो. किती दिल्या, किती बाकी, कोणत्या तारखेपर्यंत न्यायच्या, हे पिशवीवर किंवा पावतीवर लिहून घ्या. अशा बाकी गोळ्यांना बऱ्याच ठिकाणी मुदत असते आणि ती उलटली की उरलेल्या रद्द, पुन्हा नवीन प्रिस्क्रिप्शन. पावतीवर ९० छापलंय आणि हातात ६० दिल्यात असं असेल तर ते दुरुस्त करून घेतल्याशिवाय हलू नका.

घरी आल्यावर, तिथे मोजल्या असतील तरी, एकदा परत. आठवड्याच्या डबीत भरायच्या आधी. मी फोन टेकून ठेवतो आणि एका दमात व्हिडिओ घेतो, आधी लेबल, मग बाटली रिकामी करताना, मग पाच-पाचचे ढीग, मधे कट नाही. दुकानातून निघाल्यानंतरचा व्हिडिओ म्हणजे पुरावा नाही हे मान्य, पण निदान तुम्हाला स्वतःला खात्री असते आणि ती बोलताना आवाजात येते. मग वही. तारीख, वेळ, किती घेतली, किती उरल्या. आईला सुरुवातीला हा पोलीस चौकीसारखा प्रकार वाटला. बाटली कुलपात, किल्ली एकाकडेच, आणि पाहुणे येणार असतील तर आधी बघायचं कुलूप लावलंय ना. घरातलं कोणी घेतं ही शक्यता बोलायला जड जाते, पण फार्मसीत जाऊन आवाज चढवायच्या आधी ती मनात तपासून घ्यावीच लागते.

इतकं करूनही कमी निघाल्याच तर पहिली गोष्ट, अजून गोळ्या काढू नका. म्हणजे त्या वेळचा डोस घ्या, पण बाकीच्या बाटलीत तशाच. लगेच फोन करा, त्याच दिवशी, दुकान बंद व्हायच्या आत. हेड फार्मासिस्टशी बोलायचंय म्हणा आणि बोलायला चार गोष्टी समोर ठेवा, प्रिस्क्रिप्शन नंबर, कधी नेल्या, लेबलवर किती, हातात किती. "तुम्ही कमी दिल्या" हे वाक्य टाळा, त्याऐवजी "माझ्या मोजणीत ८४ येतायत, तुमचा स्टॉक एकदा मोजून बघाल का" असं म्हणा. ही गोडगोड बोलायची युक्ती वगैरे नाही, यामागे कारण आहे. मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल ही औषधं १९६१ च्या अंमली औषधांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, त्यामुळे दुकानांना यांचा हिशोब नीट ठेवावा लागतो, किती आल्या, किती गेल्या. तुम्हाला सहा कमी दिल्या असतील तर त्यांच्या शेल्फवर रजिस्टरपेक्षा सहा जास्त निघायला हव्यात, आणि निघाल्या की वादच संपला. जितका उशीर कराल तितक्या मधल्या नोंदी वाढतात आणि माग काढणं अवघड होतं. (ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी त्या करारात नाही, पण कित्येक देशांनी आपापल्या कायद्यानं त्यालाही बांधलंय, त्यामुळे विचारायला हरकत नाही.) काउंटरवर कॅमेरा असेल तर फुटेज बघायला सांगा आणि जपून ठेवायलाही सांगा, कारण ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कोणाशी बोललात, किती वाजता, ते वहीत लिहा.

स्टॉक जुळला आणि ते नाही म्हणाले तर तिथे उभं राहून काही मिळत नाही, माझा अनुभव आहे, फक्त आवाज बसतो. झालेलं लेखी मागा, दोन ओळी का होईना, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. वाट बघून शेवटच्या गोळीला कळवलंत तर ते सबब वाटतं. आज कळवलंत तर फाइलमध्ये तारखेनिशी नोंद होते. बरेच डॉक्टर सुरुवातीलाच कागदावर सही घेतात की हरवलेल्या गोळ्या पुन्हा मिळणार नाहीत, त्यामुळे 'परत लिहून द्या' यापेक्षा 'हे दोन दिवस कसे काढायचे ते सांगा' असं विचारलेलं जास्त उपयोगी पडतं. फार्मसीची चूक वाटतच असेल तर वरच्या मॅनेजरकडे आणि मग फार्मासिस्टना परवाना देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करता येते. हे हळू चालतं, आजच्या दुखण्याला त्याचा उपयोग नाही.

त्या कमी पडणाऱ्या दिवसांचं मात्र नीट ऐका. डोस स्वतःच्या मनानं निम्मा करू नका. हळूहळू, बराच वेळ काम करणारी गोळी मोडून किंवा चुरून तर अजिबात नाही, तिच्यातलं सगळं औषध एकदम उतरतं. रोजची ओपिऑइड अचानक थांबली तर ज्यांचा असर लवकर उतरतो त्या गोळ्या सुटल्याचा त्रास शेवटच्या डोसनंतर ८ ते २४ तासांत सुरू होतो, घाम, अंगावर काटा, जुलाब, झोप उडणं, जीव नुसता घाबराघुबरा. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्यावरची औषधंही एकदम सोडायची नसतात, झटके (फिट) येऊ शकतात. भर म्हणून पॅरासिटामॉल घेताना आधीच्या दुखण्याच्या गोळीत तेच मिसळलेलं आहे का बघा, मोठ्या माणसाला २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि वजन कमी किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहूनही कमी. आयब्युप्रोफेन किडनी किंवा अल्सर असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय नाही. शेजारच्या काकांच्या उरलेल्या गोळ्या अजिबात नाहीत. आणि काही दिवस खंड पडून गोळ्या परत मिळाल्या तर लगेच जुना पूर्ण डोस सुरू करू नका, शरीराची सवय तेवढ्यात उतरलेली असते आणि तोच डोस श्वास मंदावायला पुरतो. किती पासून सुरू करायचं ते फोन करून विचारा.

आता आई स्वतःच मोजते, टेबलावर पाच-पाचचे ढीग, मी मोजायच्या आधी. मागच्या महिन्यात तिच्याकडे ९१ निघाल्या. मी म्हटलं असू दे, एकच तर आहे, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने फोन लावला. पलीकडून आवाज आला, बरं झालं सांगितलंत, सकाळपासून एक शोधतोय.