जुन्या जीपचे ब्रेक पाइप घरीच बनवताना

जुन्या महिंद्रा सीजे जीपचे ब्रेक पाइप चॅसीवर क्लिप असते ना, बऱ्याचदा तिथेच चिखल साचून गंजतात, त्यामुळे एक लीक झाला की सगळेच बदलून टाका. 3/16 इंची स्टीलचा नाहीतर कॉपर-निकेलचा पाइप घ्या, एसीवाला साधा तांब्याचा अजिबात नको, तो थरथरून थरथरून तडकतो. जुना पाइप सांभाळून काढा, त्याच्यावर धरूनच नव्याला वळणं द्यायची. कटरने कापा, आतली बर (कापल्यावर राहणारी धारदार कड) काढा आणि फ्लेअर मारायच्या, म्हणजे टोक पसरट करायच्या आधी नट पाइपवर सरकवा, मी दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा बनवलेलं टोक कापून फेकलं! फ्लेअर डबलच हवा, म्हणजे टोक दुहेरी दुमडलेलं. शेवटी ब्लीडिंग, म्हणजे पाइपमधली हवा काढणं; मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा) जे चाक सगळ्यात लांब, तिथून सुरू करा, बुडबुडे थांबेपर्यंत.