जुन्या पिकअपच्या दाराची काच घरच्या घरी कशी बदलावी

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की पिकअप एक दिवसही उभी ठेवता येत नाही. आमच्या 2011 सालच्या गाडीची क्लीनर साइडची काच अशाच घाईत गेली. काच अर्धी खाली होती, दार जोरात लावले, आणि क्षणात कॅबिनभर काचेचे दाणे. दगड लागला नव्हता की कोणी काही मारले नव्हते. काच ज्या रबरी चॅनेलमधून वर-खाली सरकते, ते रबर उन्हाने कडक होऊन तुटले होते. काच मोकळी हलत होती आणि तिची कड पत्र्यावर आपटली. म्हणून नवी काच आणाल तेव्हा रबर चॅनेलही नवे आणा. जुन्या चॅनेलमध्ये नवी काच बसवली, तर तीही त्याच वाटेने जाईल.

दाराची काच टफन असते. ती 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे बाहेरचा थर आवळलेला आणि आतला ताणलेला राहतो. तळहाताचा मार ती सहन करते, पण कडेला टवका उडाला तर अख्खी काच एकदम दाणे होऊन पडते. अशी काच नंतर कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. त्यामुळे खिडकीच्या काचेच्या दुकानात माप देऊन ती मिळणार नाही, आपल्या मॉडेलची तयार काचच घ्यावी लागते. दुकानात गाडीचे मॉडेल, साल आणि बाजू, तिन्ही सांगा. डावी-उजवी काच आरशातल्यासारखी उलट असते, एकीची जागा दुसरी घेत नाही. पुढे त्रिकोणी काच असलेले दार आणि नसलेले दार यांच्या काचाही वेगळ्या. जुना माल घ्यायचा तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, पुण्यात नाना पेठ आहे. तिथे काचेच्या चारही कडांवरून नखाने हात फिरवा. एकही टवका लागला तर ती घेऊ नका. काचेवर आयएसआय खूण आणि आयएस 2553 हा क्रमांक पाहा. गडद काच स्वस्तात मिळाली तरी नको. 1989 च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के उजेड आरपार जायला हवा.

सामान फार लागत नाही. चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, 10 चा पाना, पक्कड, जाड हातमोजे, चष्मा, सुती फडके, साबणाचे पाणी, सिलिकॉन स्प्रे आणि थोडे ग्रीस. धूळ ओढणारे व्हॅक्यूम शेजाऱ्याकडून मागून आणा. पहिल्यांदा करणाऱ्याने अर्धा दिवस मोकळा ठेवावा.

पॅड काढणे

पॅड म्हणजे दाराला कॅबिनच्या बाजूने लावलेले पुठ्ठ्याचे आवरण. दुसऱ्या दारातली काच पूर्ण वर चढवा आणि तिचे हँडल कोणत्या दिशेला थांबते त्याचा मोबाइलवर फोटो काढा. शेवटी तो लागेल. मग आपल्या दाराचे हँडल काढायचे. काही गाड्यांत मधल्या टोपीखाली स्क्रू असतो, तो सुटला की झाले. स्क्रू दिसला नाही तर हँडलच्या मागे घोड्याच्या नालेसारखे तारेचे लॉक असते. सुती फडक्याची लांब पट्टी हँडल आणि पॅड यांच्या फटीत घाला, दोन्ही टोके धरा आणि बुटाला पॉलिश करताना कापड ओढतो तशी मागे-पुढे ओढा. लॉक धाग्यांत अडकून टणकन उडते. दुसरा हात आडवा धरा, नाहीतर ते कुठे पडले ते शोधत बसाल.

हातधरणीचे स्क्रू आणि आतल्या उघडणीची चौकट सोडवल्यावर पॅड खालून धरून ओढा. पॅड प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसलेले असते. चपटा ड्रायव्हर खुंटीच्या अगदी जवळ घाला. मध्येच उचकटले तर पुठ्ठा फाटतो आणि खुंटी तशीच राहते. तुटलेल्या खुंट्या सुट्या मिळतात, तेव्हा चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा.

पॅडमागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असतो. बरेच जण तो फाडून फेकतात, ते मुळीच करू नका. पावसाचे पाणी काचेवरून ओघळत दाराच्या आत उतरतेच. ते खालच्या भोकांतून बाहेर पडावे अशीच दाराची रचना असते. हा कागद ते पाणी कॅबिनमध्ये येऊ देत नाही. कागद नसला की पावसाळ्यात पॅड भिजून फुगते आणि पायाखालचे मॅटिंग कुजायला लागते.

आतली सफाई

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हातमोजे घालून मोठे तुकडे उचला, उरलेले दाणे व्हॅक्यूमने ओढा. दाराच्या तळाशी वर्षांची माती आणि त्यात रुतलेली काच सापडते. खालची पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करा आणि एक तांब्या पाणी ओतून ते खाली गळते का ते पाहा. पाणी साचून राहिले तर दार तळापासून गंजते, आणि गंजका पत्रा बदलायला काचेपेक्षा कितीतरी जास्त पैसे जातात. एक दाणाही मागे राहिला तर दार लावताना रोज खुळखुळेल.

आता काचेच्या मशीनकडे वळा, म्हणजे हँडल फिरवल्यावर काच वर-खाली करणाऱ्या सांगाड्याकडे. हँडल तात्पुरते लावून फिरवून पाहा. दात घसरत नसतील तर मशीन जागेवरच राहू द्या. तिच्यात ताणलेली स्प्रिंग असते. मशीन खोलली आणि बोट दांड्यांच्या मध्ये असले तर चिमटते. दांड्यांच्या टोकाच्या चाकांना ग्रीस द्या.

काच बसवणे

जुन्या काचेच्या तळाला एक लोखंडी पट्टी असते, तिच्यात मशीनची चाके फिरतात. पट्टीत अडकलेला काचेचा तुकडा काढण्याआधी काचेच्या पुढच्या टोकापासून पट्टी किती अंतरावर आहे ते मोजून लिहून ठेवा. टोक उरले नसेल तर दुसऱ्या दारात मोजा. हे माप चुकले की काच वर जाताना एका बाजूला कलते. पट्टी साफ करून गंज घासा, पट्टीतले रबर साबणाच्या पाण्यात बुडवा आणि काचेच्या कडेवर चढवा. मग काच गादीवर उभी धरून पट्टी तळहाताने ठोकत बसवा. हातोडी वापरू नका.

खिडकीच्या चौकटीतले जुने रबर ओढून नवे बसवा. कोपऱ्यात ते सुरकुतले तर काच तिथेच अडते, म्हणून कोपरे आधी दाबा, सरळ भाग मागाहून. आत सिलिकॉन स्प्रे मारा. तेल मारू नका, तेल रबराला फुगवते आणि धूळ धरते.

काच तिरपी करून, पुढचे टोक खाली ठेवून दाराच्या फटीतून आत सोडा. फुगीर बाजू बाहेर, आणि काचेवरची खूण बाहेरून सरळ वाचता आली पाहिजे. इथे दुसऱ्या माणसाची गरज लागतेच. एकाने काच वरून धरावी, दुसऱ्याने आतून चाके पट्टीत सरकवावीत. मार्गदर्शक चॅनेलचे, म्हणजे काचेला कडेने धरून सरळ चालवणाऱ्या खाचेचे, बोल्ट हलके ठेवा. काच पूर्ण वर चढवा, ती दोन्ही बाजूंना सारखी बसली की मगच बोल्ट आवळा. मग पाच-सहा वेळा वर-खाली करा. एखाद्या जागी हात जड झाला तर जोर लावू नका, बोल्ट पुन्हा ढिले करून चॅनेल किंचित सरकवा.

प्लास्टिकचा कागद परत चिकटवा, फाटला असेल तर जाड पॉलिथीन कापून लावा. त्याचे खालचे टोक दाराच्या पत्र्यामधल्या पोकळीत जायला हवे, म्हणजे पाणी पोकळीतच उतरते. पॅड ठोकून बसवा. तारेचे लॉक आधी हँडलमध्ये घाला आणि फोटोतल्या दिशेने हँडल दाबा; ते आपोआप अडकते.

काच वर चढवून दारावर पाईपने पाणी मारा आणि आतून पॅडच्या कडेला हात लावून पाहा. कोरडे असेल तर गाडी माल भरायला न्या. आठवडाभर खड्ड्यांतून फिरल्यावर पॅड पुन्हा एकदा काढून बोल्ट आवळून घ्या, कारण नवे रबर दबल्यावर ते थोडे ढिले पडतात.