छातीतली गाठ बोटांनी कशी चाचपायची, आणि दाब किती द्यायचा

बऱ्याच जणी आंघोळीच्या वेळी वरवर हात फिरवतात आणि "काही नाहीये" म्हणून मोकळ्या होतात. पण गाठ कातडीखालीच असेल असं थोडीच आहे, मधल्या थरात असू शकते, नाहीतर पार बरगडीजवळ, म्हणून हात कुठे फिरवला यापेक्षा किती दाबलं हे जास्त महत्त्वाचं.

पाळी सुरू झाल्यापासून ७ ते १० दिवसांनी करा, तेव्हा दुखरेपणा कमी असतो. पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख धरा.

उताणं झोपा, ज्या बाजूचं बघायचंय त्या खांद्याखाली पातळ उशी आणि तो हात डोक्यामागे, म्हणजे स्तन पसरून बरगड्यांवर चपटा होतो. आता दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं घ्या, टोकं नाही, शेवटच्या पेराची गादी. थोडं खोबरेल तेल लावलं तर बोटं छान सरकतात.

आता खरं काम. एका जागी रुपयाच्या नाण्याएवढं गोल फिरवायचं, आधी एकदम हलकं, फक्त कातडी हलेल इतकं, मग बोट न उचलता तिथंच मध्यम, आणि मग बरगडी लागेपर्यंत जोरात. तीनही झाले की बोटं न उचलता पुढच्या जागी. पहिल्यांदाच जोरात दाबलंत तर वरची बारीक गाठ आत ढकलली जाते आणि हाताला लागतच नाही.

काखेपासून सुरू करून उभ्या पट्ट्या, वरून खाली, थोडं आत सरकून खालून वर, असं छातीच्या मधल्या हाडापर्यंत. वर गळ्याजवळचं हाड, खाली ब्राची पट्टी बसते तिथपर्यंत. काखेकडचा वरचा भाग घाईत उरकू नका, निम्म्याच्या आसपास कॅन्सर तिथंच सापडतात. खालच्या कडेला जाडसर कड लागते ती नॉर्मल असते, दोन्हीकडे सारखी आहे का एवढं बघा.

कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा कडक, वेडीवाकडी, एका जागी चिकटलेली आणि न दुखणारी असते (दुखत नाही म्हणून गप्प बसणं, इथंच बायका फसतात). बोटाखालून सुळकन निसटणारी गुळगुळीत गाठ तरुण मुलींमध्ये बहुधा साधी निघते, पण ते डॉक्टरांना ठरवू दे. कातडीला खळी, निपल आत ओढलेलं, रक्ताचा स्राव, यातलं काही असेल तर गाठ लागली नाही तरी दाखवा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, घरच्या तपासणीवरच विसंबू नका. शांघायमध्ये अडीच लाखांहून जास्त कामगार बायकांवर अभ्यास झाला, २००२ मध्ये निकाल आला, घरी तपासायला शिकवून मृत्यू काही कमी झाले नाहीत. उलट मुंबईत टाटा मेमोरियलच्या २० वर्षांच्या अभ्यासात ट्रेनिंग घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. म्हणजे शिकलेला हात हवा. स्तनाचा कडकपणा सेन्सरने मोजणारी हातात धरायची मशीन आता काही शिबिरांत दिसते, तीही चालेल, पण तिचा रिपोर्ट म्हणजे निदान नाही.

गाठ लागली तर लेप, मालिश, शेक यात महिने घालवू नका. सोनोग्राफी, वयानुसार मॅमोग्राफी आणि गरज पडली तर सुईने तुकडा काढून तपासणी, आणि हो, सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही निव्वळ अफवा आहे.